नारायण वामन टिळक

नारायण वामन टिळक (६ डिसेंबर १८६१ – ९ मे १९१९) हे मराठी कवी, कीर्तनकार, संपादक आणि ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. मराठी साहित्यात ते फुलामुलांचे कवी म्हणून, तर मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत भजने व अभंग रचणारे भक्तकवी म्हणून ओळखले जातात. रेव्हरंड टिळक या नावानेही त्यांचा उल्लेख होतो. 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्राच्या लेखिका लक्ष्मीबाई टिळक या त्यांच्या पत्नी होत.

प्रार्थना, भजन, ध्यान, सेवा आणि अपरिग्रह या साधनांचे ख्रिस्ती जीवनातील प्रयोजन काय, हा टिळकांच्या उत्तरायुष्याचा मध्यवर्ती प्रश्न होता. तारण ही देवाची कृपा आहे, ते मनुष्याच्या कष्टाने मिळवता येत नाही, अशी त्यांनी स्वीकारलेल्या प्रॉटेस्टंट पंथाची शिकवण होती. मग साधना कशासाठी करावयाची, याचे उत्तर त्यांनी मराठी भक्तिपरंपरेच्या आधाराने शोधले. आयुष्याच्या अखेरीस या उत्तरासाठी त्यांनी नियमित वेतनावर पाणी सोडले.

बालपण व शिक्षण

टिळकांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात करजगाव येथे चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते व स्वभावाने कठोर होते. आई जानकीबाई भाविक होत्या; कवितेची आणि भक्तीची ओढ टिळकांना आईकडून मिळाली, असे त्यांचे चरित्रकार मानतात. आईच्या अकाली मृत्यूनंतर टिळकांचे वडिलांच्या घरात मन रमले नाही. ते लहान वयातच घर सोडून नाशिकला आले. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. इंग्रजी शाळेतील शिक्षण मात्र थोडकीच वर्षे झाले. त्यांचे इंग्रजी वाचन पुढे बहुतांशी स्वतःच्या बळावर वाढले.

विवाह आणि भ्रमंती

१८८० मध्ये नाशिकजवळील जलालपूर येथील गोखले यांच्या मनकर्णिका या कन्येशी त्यांचा विवाह झाला. मनकर्णिका म्हणजेच लक्ष्मीबाई (जन्म १८६८). त्यांच्या माहेरचे वातावरण टिळकांच्या चरित्रातही महत्त्वाचे आहे. लक्ष्मीबाईंच्या वडिलांनी सोवळ्याओवळ्याचा इतका अतिरेक केला होता की बाजारातून आलेले जिन्नसही धुतल्याशिवाय घरात घेतले जात नसत. विटाळाच्या भीतीने साऱ्या घराचे जगणे आक्रसून गेले होते. लक्ष्मीबाईंनी हे सारे 'स्मृतिचित्रे'मध्ये विनोदाने सांगितले आहे, पण त्यामागचा जाच लपत नाही. धर्माचा आचार भीतीपोटी पाळला तर त्याचे काय होते, याचा हा नमुना टिळकांच्या सासरीच होता.

विवाहानंतरची दहाबारा वर्षे अस्थिर गेली. शिक्षक, पुराणिक, कीर्तनकार, छापखान्यातील कामगार असे अनेक व्यवसाय त्यांनी केले आणि सोडले. हातात पैसा टिकत नसे. मिळालेला पैसा गरजूला देऊन टाकण्याची त्यांची सवय लक्ष्मीबाईंना फार जड गेली. एका गावी बस्तान बसते न बसते तोच ते दुसऱ्या गावी निघत. या काळातील कीर्तनांचा अनुभव मात्र त्यांना आयुष्यभर पुरला.

नागपूर व राजनांदगाव

१८९१ च्या सुमारास टिळक नागपूरला आले. तेथील धनिक आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांना संस्कृत ग्रंथांचे काम मिळाले. याच काळात त्यांनी 'ऋषी' हे नियतकालिक चालवले व त्यातून धर्मविषयक चर्चा केली. जातिभेद आणि रूढ कर्मकांड यांवरील त्यांचा विश्वास तोपर्यंत उडाला होता. एक ईश्वर, सर्व माणसांचे बंधुत्व आणि जातिविरहित समाज या तत्त्वांवर उभा राहील अशा एका नव्या धर्माचा आराखडाही त्यांनी मनाशी केला होता.

१८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात त्यांची एका युरोपीय प्रवाशाशी गाठ पडली. हे प्रवासी फ्री मेथडिस्ट मिशनचे अर्नेस्ट वॉर्ड असल्याचे चरित्रकारांनी नोंदवले आहे. त्यांनी टिळकांना नव्या कराराची प्रत दिली. टिळकांनी ते पुस्तक प्रारंभी जिज्ञासेने वाचावयास घेतले. मत्तयकृत शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर त्यांचे मन तेथे गुंतले. ज्या धर्माचा आराखडा ते स्वतः करीत होते, त्यातील बरेच काही येथे आधीच सांगितलेले होते. शिवाय येथे निव्वळ तत्त्वे नव्हती, ज्याच्यावर प्रेम करावे अशी एक व्यक्ती होती. टिळकांच्या पुढील सर्व विचारांचे मूळ या फरकात आहे. राजनांदगाव संस्थानात नोकरी करीत असताना त्यांनी मुंबईतील अमेरिकन मराठी मिशनचे डॉ. जस्टिन अ‍ॅबट यांच्याशी पत्रव्यवहार सुरू केला.

बाप्तिस्मा आणि ताटातूट

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. हा विधी परदेशी मिशनऱ्याने न करता भारतीय पाळकाने करावा, असा त्यांचा आग्रह होता. त्याप्रमाणे रेव्हरंड तुकारामजी नथोजी यांनी त्यांना बाप्तिस्मा दिला. वरवर पाहता ही बाब किरकोळ वाटते. परंतु ख्रिस्त स्वीकारताना आपण परक्यांच्या घरी जात नाही, ही त्यांची भूमिका तिच्यातून पहिल्याच दिवशी स्पष्ट झाली.

या निर्णयाची सर्वांत मोठी किंमत लक्ष्मीबाईंना मोजावी लागली. पती जिवंत असून जातीच्या दृष्टीने नाहीसा झालेला, पदरी लहानगा दत्तू (देवदत्त, जन्म १८९१), आणि भोवती नातेवाइकांचा आक्रोश अशा अवस्थेत त्या नाशिक, जलालपूर व पंढरपूर येथे आप्तांकडे राहिल्या. ही ताटातूट चारपाच वर्षे चालली. टिळक पत्रे पाठवीत, भेटीस येत, कविता लिहून पाठवीत; मात्र पत्नीने ख्रिस्ती व्हावे अशी सक्ती त्यांनी केली नाही. लक्ष्मीबाई पुढे अहमदनगरला पतीकडे आल्या, तेव्हाही आरंभी त्यांनी आपले सोवळे, आपला स्वयंपाक आणि आपले पाणी वेगळे ठेवले होते. टिळकांनी ते चालू दिले. जातीचे भेद देवाने केलेले नसून माणसाने केलेले आहेत, या निष्कर्षाला त्या स्वतःच्या विचाराने पोहोचल्या आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

अहमदनगर येथील कार्य

अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये अहमदनगरला काम सुरू केले होते. टिळक तेथे डॉ. रॉबर्ट ह्यूम यांच्या सहवासात आले व मिशनच्या धर्मशिक्षण संस्थेत शिकवू लागले. १९०४ मध्ये त्यांना धर्मोपदेशक म्हणून दीक्षा देण्यात आली. राहुरी येथेही त्यांचे काही काळ वास्तव्य होते. दुष्काळ व प्लेगच्या वर्षांत त्यांनी अनेक निराधार मुले घरी आणली. त्यांना सांभाळण्याचे काम अर्थातच लक्ष्मीबाईंवर पडले.

१८४२ मध्ये सुरू झालेल्या 'ज्ञानोदय' या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादन १९१२ पासून त्यांच्याकडे होते. त्यांच्या भक्तिपर रचना यातून वाचकांपुढे येत राहिल्या.

साधनेविषयीची दृष्टी

टिळक ज्या मंडळीत आले, तिची उपासना न्यू इंग्लंडमधील काँग्रिगेशनल वळणाची होती. रविवारचे प्रवचन, पाश्चात्त्य चालींवर बसवलेली गीते, शास्त्रवाचन आणि बाकांवर शांत बसलेला श्रोतृवर्ग असे तिचे रूप होते. टिळकांना त्यात प्रामाणिकपणा दिसला, पण मराठी माणसाची भक्ती दिसली नाही. ज्याने कीर्तनात रात्र जागवली आहे, टाळमृदंगाच्या नादात नामात रंगून गेलेला समुदाय पाहिला आहे, त्याला तासाभराची ही उपासना अपुरी वाटणे स्वाभाविक होते. अर्थात, केवळ चाली बदलल्या की काम भागले, असेही त्यांना वाटत नव्हते.

मिशनऱ्यांची अडचणही समजण्यासारखी होती. सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेपासून प्रॉटेस्टंट पंथांना उपवास, जप, तीर्थयात्रा, संन्यास यांविषयी संशय होता. या गोष्टींनी पुण्य जोडता येते अशी समजूत झाली, की कृपेला जागा उरत नाही, अशी त्यामागची भीती होती. हिंदुस्थानात आल्यावर व्रते आणि प्रायश्चित्ते पाहून ही भीती अधिकच वाढली. परिणामी नव्याने ख्रिस्ती झालेल्या माणसाजवळची साधनेची सारी सामग्री काढून घेतली जाई आणि तिच्या जागी फारसे काही दिले जात नसे. प्रॉटेस्टंट परंपरेतही या प्रश्नाचा विचार झालेला नव्हता असे नाही. अठराव्या शतकात जॉन वेस्ली यांनी प्रार्थना, शास्त्रवाचन, उपवास व प्रभुभोजन यांना कृपेची साधने म्हटले होते: ती कृपा विकत घेत नाहीत, ज्या वाटांनी कृपा येते त्या वाटांवर माणसाला उभे करतात. वॉर्ड ज्या फ्री मेथडिस्ट पंथाचे होते, तो याच परंपरेतून निघाला होता.

टिळकांना हाच विचार वेस्लीपेक्षा तुकारामांकडून अधिक सहजपणे मिळाला. वारकरी संतांच्या नामस्मरणात हिशेब नसतो. देवाची प्राप्ती व्हावी म्हणून नाम घ्यावे, याहूनही नाम घेतल्यावाचून राहवत नाही म्हणून ते घ्यावे, असा तेथील भाव आहे. यज्ञ, व्रत आणि कोरड्या विद्वत्तेवर संतांनी जी टीका केली, तीही याच कारणाने. त्यामुळे कर्मकांड आणि साधना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मराठी माणसाला पाश्चात्त्य धर्मशास्त्राकडून शिकण्याची गरज नाही, असे टिळकांचे मत बनले. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची धारणा होती आणि तो पूल मोडण्यास ते तयार नव्हते.

साधनेचे प्रयोजन त्यांच्या दृष्टीने एकच होते, ते म्हणजे ख्रिस्ताचा सहवास. त्यांच्या भजनांत ख्रिस्त न्यायाधीश म्हणून क्वचितच येतो. तो गुरू, सखा आणि विशेषतः माउली म्हणून येतो. विठ्ठलाला माउली म्हणणाऱ्या परंपरेतील हा शब्द ख्रिस्ताला लावताना त्यांनी संबंधाचे सारे स्वरूपच बदलले. आईजवळ मूल बसते ते काही कमावण्यासाठी नव्हे. प्रार्थनेला बसणे, एकांतात ध्यान करणे, पहाटे भजन म्हणणे या गोष्टी त्यांनी या अर्थाने घेतल्या. मात्र या सहवासाचा परिणाम वागण्यात दिसला पाहिजे, अशी त्यांची अपेक्षा असे. दीनांची सेवा, जातिभेदाचा त्याग आणि देशप्रीती यांना त्यांनी भक्तीपासून तोडले नाही. देशप्रेम आणि ख्रिस्तप्रेम यांत विरोध आहे, हे म्हणणे त्यांनी दोन्ही बाजूंच्या टीकाकारांपुढे नाकारले.

कीर्तनाचा वापर टिळकांच्या आधी अहमदनगरमधीलच कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती प्रचारासाठी केला होता, हे येथे नोंदवले पाहिजे. या प्रकाराचे जनकत्व टिळकांकडे देणे बरोबर नाही. टिळकांनी त्याला कवीची भाषा दिली आणि प्रचाराचे साधन असलेले कीर्तन उपासनेचे अंग बनवले. तसेच ख्रिस्तचरित्र मराठी छंदात सांगण्याची कल्पनाही नवी नव्हती. जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोमंतकात छापले गेले होते. टिळकांनी 'ख्रिस्तायन' आरंभले त्यामागे, रामायण जसे घरोघर वाचले जाते तसे ख्रिस्तचरित्र वाचले जावे, हा हेतू होता. नित्य वाचन हेही त्यांच्या लेखी साधनेचेच एक अंग होते. हा ग्रंथ त्यांच्या हातून अपुरा राहिला.

काव्य

आधुनिक मराठी कवितेच्या आरंभीच्या पिढीत टिळकांचे स्थान केशवसुतांच्या बरोबरीचे मानले जाते. निसर्ग, बालके, कौटुंबिक जिव्हाळा आणि देशप्रेम हे त्यांच्या कवितेचे प्रमुख विषय आहेत. 'केवढे हे क्रौर्य' ही शिकाऱ्याने जखमी केलेल्या पक्षिणीवरील कविता अनेक पिढ्यांनी शाळेत पाठ केली. 'वनवासी फूल' हे दीर्घकाव्य, 'सुशीला' व 'रणशिंग' या त्यांच्या अन्य प्रसिद्ध रचना होत. भक्तिपर रचनांत 'अभंगांजली' व 'भजनसंग्रह' महत्त्वाचे आहेत.

१९०७ मध्ये जळगाव येथे भरलेल्या कविसंमेलनाच्या निमित्ताने त्र्यंबक बापूजी ठोमरे या तरुण कवीशी त्यांचा स्नेह जडला. हेच पुढे बालकवी म्हणून प्रसिद्ध झाले. बालकवी काही काळ टिळकांच्या अहमदनगरच्या घरी कुटुंबातील मुलासारखे राहिले. त्यांनी धर्मांतर केले नाही, तसा आग्रहही त्यांना झाला नाही.

संन्यास आणि 'देवाचा दरबार'

टिळकांच्या आयुष्यातील सर्वांत धाडसी व सर्वांत कमी यशस्वी ठरलेला प्रयोग त्यांच्या अखेरच्या दोन वर्षांतला आहे. मिशनकडून वेतन घेणारा उपदेशक कितीही तळमळीने बोलला, तरी तो पगारासाठी बोलतो असे ऐकणाऱ्याला वाटते, ही खंत त्यांना अनेक वर्षे होती. महाराष्ट्रातील संतांनी पगार घेऊन भक्ती सांगितली नव्हती. १९१७ मध्ये त्यांनी मिशनच्या सेवेचा व वेतनाचा त्याग केला, संन्यास जाहीर केला आणि साताऱ्याला जाऊन 'देवाचा दरबार' स्थापन केला. मिशनशी त्यांनी वैर धरले नाही आणि ख्रिस्ती मंडळीही सोडली नाही.

हा संन्यास रूढ अर्थाचा नव्हता. पत्नी व मुलांना सोडून अरण्यात जाणे त्यात अभिप्रेत नव्हते. सोडावयाची होती ती मालकीची भावना आणि उद्याच्या भाकरीची शाश्वती. घरातील माणसांच्या दृष्टीने या फरकाने फारसा दिलासा मिळाला असेल असे नाही. अनिश्चितता पूर्वीचीच होती, आता तिला तत्त्वाचे अधिष्ठान मिळाले इतकेच. लक्ष्मीबाईंच्या लेखनात टिळकांविषयीचा आदर आणि त्यांच्या व्यवहारशून्यतेविषयीचा मिश्किल वैताग एकत्र नांदतात, आणि संन्यासाकडे पाहताना दोन्ही ध्यानात घ्यावे लागतात.

'देवाचा दरबार' ही ख्रिस्ताच्या बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या शिष्यांची संगत होती. पंथ आणि जात यांचा विचार न करता ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या कोणालाही तीत स्थान होते. एकत्र भजन, प्रार्थना, ध्यान आणि लोकसेवा हा तिचा कार्यक्रम होता. बाप्तिस्मा न घेतलेल्यांना शिष्य म्हणण्यास मंडळीतील अनेकांचा विरोध होता. बाप्तिस्मा ऐच्छिक ठरवला तर मंडळीची सीमाच पुसली जाईल, हा त्यांचा आक्षेप तर्काच्या दृष्टीने कच्चा नव्हता. टिळकांसमोर मात्र वेगळी माणसे होती. ख्रिस्तावर प्रेम असूनही कुटुंबाची वाताहत होईल या भयाने बाप्तिस्म्यापर्यंत न येणारे अनेकजण त्यांना ठाऊक होते, आणि ती वाताहत त्यांनी स्वतःच्या घरात पाहिली होती. अशा माणसांना प्रार्थना आणि भजनाच्या वाटेवर तरी सोबत मिळावी, असे त्यांना वाटत असे.

दरबाराला स्थिर घटना, निधी किंवा दुसऱ्या फळीचे कार्यकर्ते लाभले नाहीत. सर्व काही टिळकांच्या व्यक्तिमत्त्वावर उभे होते आणि त्यांच्याजवळ वेळ थोडा उरला होता.

मृत्यू

पुढे प्रकृती ढासळल्याने त्यांना उपचारांसाठी मुंबईला आणण्यात आले. ९ मे १९१९ रोजी जे. जे. रुग्णालयात त्यांचे निधन झाले. बालकवींच्या अपघाती मृत्यूला तेव्हा जेमतेम एक वर्ष झाले होते. टिळकांच्या इच्छेनुसार त्यांच्या देहाचे दफन न करता दहन करण्यात आले, ही त्या काळच्या ख्रिस्ती समाजात असामान्य गोष्ट होती. त्यांच्या अस्थी अहमदनगर येथे ठेवण्यात आल्या.

मृत्यूनंतर

'देवाचा दरबार' टिळकांच्या पश्चात टिकला नाही. त्यामागील विचाराचा प्रभाव मात्र इतरत्र दिसतो. अँग्लिकन धर्मगुरू जे. सी. विन्स्लो यांनी १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला. पुढे पुण्यात त्याचा आश्रम उभा राहिला. भारतीय पद्धतीची उपासना, साधी राहणी आणि सामुदायिक प्रार्थना यांवर या संघाचा भर होता. विन्स्लो यांनीच १९२३ मध्ये टिळकांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले. निकोल मॅकनिकोल यांच्या भाषांतरांतून टिळकांची काही भजने इंग्रजी वाचकांपर्यंतही पोहोचली.

'ख्रिस्तायना'चे उरलेले अध्याय लक्ष्मीबाईंनी रचून तो ग्रंथ पूर्णत्वास नेला. औपचारिक शिक्षण नसलेल्या, एकेकाळी याच धर्मामुळे उद्ध्वस्त झालेल्या स्त्रीने हे काम केले, ही मराठी वाङ्मयाच्या इतिहासातील लक्षणीय घटना आहे. त्यांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झाली. टिळकांच्या चरित्राची माहिती मिळण्याचे आजही ते एक प्रमुख साधन आहे. लक्ष्मीबाईंचे निधन २४ फेब्रुवारी १९३६ रोजी झाले.

मराठी मंडळ्यांच्या 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात टिळकांच्या रचनांचा मोठा वाटा आहे. संप्रदाय कोणताही असो, त्यांची भजने सर्वत्र गायिली जातात. वऱ्हाडात अमेरिकेच्या ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या संस्थेने अकोला, अमरावती, खामगाव येथे केंद्रे उभारली होती. टिळक ज्या मिशनमध्ये होते त्याहून ही संस्था वेगळी होती. मात्र भजनाची भाषा या प्रदेशाला परकी नव्हती. सातपुड्याच्या पायथ्याच्या वरूड, शेंदूरजनाघाटपासून अकोल्यापर्यंत गावोगावी भजनी मंडळे आणि सप्ताह चालतात. याच अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या गाडगे महाराजांनी कीर्तनातून स्वच्छतेचा आणि जातिनिर्मूलनाचा उपदेश केला, तर तुकडोजी महाराजांनी खंजिरीच्या साथीने सामुदायिक प्रार्थना रुजवली. टिळकांचा या दोघांशी संबंध आल्याचा उल्लेख आढळत नाही. भक्तीचे साधन आणि समाजाची सेवा यांना जोडणारी वाट मात्र तिघांच्याही कार्यात दिसते.